कॉलिनच्या पाठीला झालं तरी काय होतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एक आई आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला रोज रात्री 'द सीक्रेट गार्डन' वाचून दाखवते. सात वर्षांचा धाकटा भाऊही शेजारी बसून ऐकतो. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे आणि तो व्हीलचेअर वापरतो. गोष्ट आता कॉलिनपर्यंत आली आहे. जन्मल्यापासून आजारी म्हणून वाढवलेला हा दहा वर्षांचा मुलगा शेवटी उठून धावतो, हे आईला माहीत आहे. तिला दोन गोष्टी हव्या आहेत: असं खरोखर होऊ शकतं का, आणि धाकट्यासमोर पुढचं वाचावं की इथेच थांबावं?

थांबू नका, वाचा. पण कॉलिनला नेमकं काय झालं होतं हे आधी तुम्हाला स्वतःला नीट कळलेलं असू द्या. धाकटा विचारणार आहे, आणि त्या वेळी 'अरे, गोष्टच आहे ती' एवढ्यावर त्याचं समाधान होणार नाही. मी गेली 22 वर्षं लहान मुलांची फिजिओथेरपी करते. हे पुस्तक मी मुलांबरोबर कितीदा वाचलं याची मोजदाद नाही. दर वेळी मला वाटतं की फ्रान्सिस हॉजसन बर्नेट या बाईंनी 1911 साली हा मुलगा डोळ्यांसमोर बसवून लिहिला असावा.

आमच्याकडे मूल आलं की आधी त्याचा पूर्वेतिहास लिहून घेतात. कॉलिनचा इतिहास पुस्तकभर विखुरलेला आहे, तो गोळा करून बघा. तो जन्मला आणि आई गेली. वडिलांचे, म्हणजे आर्चिबाल्ड क्रेव्हन यांचे, खांदे वाकडे. मुलालाही कुबड येणार या धास्तीने आणि बायकोच्या दुःखाने ते त्याच्याकडे फिरकत नाहीत, आले तर तो झोपलेला असताना येतात. मोलकरीण मार्था सांगते की सर्दी-खोकल्यात तो दोन-तीनदा जाता जाता वाचला, एकदा र्‍हुमॅटिक फीव्हर झाला, एकदा टायफॉइड. पाठ सरळ राहावी म्हणून त्याला लोखंडी पट्टा घातला होता. लंडनहून आलेल्या एका मोठ्या डॉक्टरने तो मूर्खपणा म्हणून काढायला लावला आणि मुलाला मोकळ्या हवेत ठेवा असं बजावलं. पट्टा निघाला. मोकळी हवा मात्र मिळाली नाही, कारण ती कॉलिनला नको होती आणि त्या घरात कॉलिनला नको असलेलं काही होत नसे.

या सगळ्यात पायांचं दुखणं कुठे आहे? कुठेच नाही. आकांत करताना हा मुलगा पालथा पडतो, उशा बडवतो, अंग पिळवटतो. पुढे बागेत त्याला पायांबद्दल सरळ विचारतात तेव्हा तो म्हणतो की पायांना तसं काही झालेलं नाही, फक्त ते फार बारीक आणि अशक्त आहेत, इतके थरथरतात की उभं राहायची भीती वाटते. माझ्यासमोर एखादं मूल असं बोललं तर माझं अर्धं काम तिथेच झालं. मेंदूला किंवा मज्जारज्जूला इजा असलेलं मूल सहसा असं सांगत नाही. हे वापरलेच न गेलेल्या पायांचं वर्णन आहे.

न वापरलेले पाय कसे होतात, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. सहा आठवड्यांनी प्लास्टर काढल्यावर पोटरी किती वाळलेली दिसते ते आठवा. इथे तर वर्षानुवर्षांचा प्रश्न आहे. स्नायू आटतात, हाडं विरळ होतात, उभं राहताच चक्कर येते, भूक मरते. त्या काळी विश्रांती हेच मोठं औषध समजलं जायचं. थेट 1947 साली रिचर्ड अ‍ॅशर या डॉक्टरांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये लेख लिहून अंथरुणात पडून राहण्याने शरीराच्या एकेका भागाची काय हानी होते ते मांडलं. बर्नेटबाईंचं पुस्तक त्याच्या 36 वर्षं आधीचं आहे.

पण पलंगाहून मोठं नुकसान केलं ते कानावर पडलेल्या शब्दांनी. त्याच्या एका दुखण्यात तो बेशुद्ध आहे असं समजून घर सांभाळणाऱ्या मिसेस मेडलॉक नर्सला म्हणतात की या खेपेला हा नक्की जाणार, आणि गेला तर त्याचं आणि सगळ्यांचं भलंच होईल. मग बघतात तर पोरगा टक्क डोळे उघडे ठेवून त्यांच्याकडे बघतोय. तो एवढंच म्हणतो की मला पाणी द्या आणि बोलणं बंद करा. हा प्रसंग मी वॉर्डात शिकायला येणाऱ्या मुलींना मुद्दाम वाचायला लावते. पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून आपण जे बोलतो ते मूल ऐकतं, डोळे मिटलेले असले तरी.

आता त्या रात्रीकडे येऊ. बरेच वाचक म्हणतात की कॉलिन बागेमुळे बरा झाला. मला ते पटत नाही. बाग अजून त्याने पाहिलेलीसुद्धा नसते, तेव्हाच उपचार सुरू होतो, सतराव्या प्रकरणात. मध्यरात्री कॉलिनचा आकांत चालू आहे, नर्स हवालदिल झाली आहे, आणि हिंदुस्थानात वाढलेली मेरी लेनॉक्स नावाची त्याच्याच वयाची संतापी मुलगी खोलीत घुसून त्याच्यावर त्याच्याहून मोठ्याने ओरडते. तो हुंदके देत सांगतो की मला पाठीवर गाठ लागली, आता कुबड येणार आणि मी मरणार. मेरी नर्सला म्हणते, याची पाठ दाखवा मला, आत्ता.

पाठ उघडी करतात. इतकी वाळलेली की एकेक बरगडी आणि एकेक मणका मोजता यावा. मेरी गंभीर, रागीट चेहऱ्याने वाकून वरपासून खालपर्यंत बघते, पुन्हा खालपासून वर. मग निकाल देते की टाचणीएवढीसुद्धा गाठ नाही. जे उंचवटे लागतायत ते नुसते मणके आहेत, आणि तू हडकुळा आहेस म्हणून ते हाताला लागतात. माझेही असेच वर आलेले होते, मी जरा भरायला लागल्यावर ते कमी झाले.

यात काय काय घडलं बघा. तिने त्याची भीती खोटी म्हणून उडवून लावली नाही, तपासली. हाताला काहीतरी लागतं हे कबूल केलं, ते काय आहे ते सांगितलं, का लागतं ते सांगितलं आणि आपल्या अंगावरचा दाखला दिला. आणि नर्स तेव्हा काय म्हणते? याला पाठीवर गाठ आहे असं वाटतं हे मला ठाऊकच नव्हतं, याची पाठ अशक्त आहे ती हा बसायचाच प्रयत्न करत नाही म्हणून. गाठ नाही हे तर मीच त्याला सांगितलं असतं. इतकी वर्षं घरात डॉक्टर येतायत, नर्स रात्रंदिवस उशाशी आहे, आणि मुलाला नेमकी कशाची भीती वाटते हे त्याला कोणी विचारलेलं नाही. पुस्तकातलं सगळ्यात बोचणारं वाक्य माझ्या लेखी ते आहे.

माझ्याकडे एकदा दहा वर्षांची एक मुलगी यायची. लांबलेल्या तापातून उठलेली, अगदी काडी झालेली. व्यायाम करताना एक हात कायम मानेच्या मागे. चार दिवस मी तो हात खाली घे म्हणत राहिले, पाचव्या दिवशी विचारलं की तिथे काय आहे. मानेच्या तळाशी जो मणका सगळ्यांनाच जरा पुढे आलेला लागतो, तो तिला सापडला होता. आजीच्या पाठीला पोक होतं, तेच आपल्याला सुरू झालं असं तिने मनाशी धरलं होतं. मी तिचा हात धरून आधी माझ्या मानेवर ठेवला, मग तिच्या आईच्या, मग दारात उभ्या असलेल्या तिच्या भावाच्या. भावाचा तर तिच्याहून मोठा निघाला. ती मोठ्याने हसली, आणि त्या दिवसापासून हात खाली राहिला. मेरीची युक्ती होती ती, मी फक्त उचलली.

पुढचा टप्पा म्हणजे उभं राहणं. म्हातारा माळी बेन वेदरस्टाफ शिडीवर चढून भिंतीवरून डोकावतो आणि लोकांकडून ऐकलेलं सरळ विचारून टाकतो: तुझी पाठ वाकडी नाही? पायही वाकडे नाहीत? आतापर्यंत हे सगळं कुजबुजीत होतं. तोंडावर पहिल्यांदाच कोणी बोललं. एरवी आकांतात जाणारा सगळा जोर त्या क्षणी दुसऱ्या वाटेने धावला, असं लेखिका लिहिते. पांघरुणं भिरकावली जातात, मार्थाचा भाऊ डिकन दंड धरतो आणि कॉलिन गवतावर ताठ उभा राहतो. बेनच्या सुरकुतलेल्या गालांवरून पाणी वाहायला लागतं. मी अशी मुलं पाहिली आहेत ज्यांना महिनाभर समजावून जे होत नव्हतं ते रागाच्या एका झटक्यात झालं. म्हणून मुलांना डिवचा असं मी मुळीच म्हणत नाही. पाय तयार नसतील तर तोच राग मुलाला तोंडावर पाडतो. कॉलिनचे पाय अशक्त होते, पण शाबूत होते.

आणि तो एका दिवसात धावत नाही, हे लोक विसरतात. कॉलिन पहिल्यांदा उभा राहतो तो वसंतात, आणि वडील परत येतात तेव्हा बागेत शरद ऋतूचे रंग उतरलेले असतात. मधले काही महिने काय चालतं ते बारकाईने लिहिलेलं आहे. पहिल्या दिवशी थोडीशी माती उकरून गुलाबाचं रोप लावणं. मग डिकनच्या हातावर भार टाकून बागेला फेरी, दर थोड्या अंतरावर बसून विसावा, मध्येच आधाराचा हात सोडून दोन-चार पावलं स्वतःची. मग डिकन खेड्यातल्या बॉब हॉवर्थ नावाच्या कुस्तीगीराकडून व्यायाम शिकून येतो. त्यातले काही कॉलिन आधी बसून करतो, आणि पाय स्थिरावल्यावर काही उभा राहून. आधी बसून, मग उभ्याने, मग चालताना: आजही माझ्या वहीत क्रम हाच असतो. शिवाय डिकनच्या आईने, सुसान सॉवरबीने, पाठवलेलं ताजं दूध आणि पाव, आणि रानात भाजलेले बटाटे नि अंडी. भूक परत येणं ही आमच्या कामात फार मोठी खूण असते.

उन्हाबद्दल एक जाता जाता. मुडदूस झालेल्या मुलांची हाडं अतिनील किरणांनी सुधारतात हे कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी बर्लिनमध्ये 1919 साली दाखवलं, म्हणजे पुस्तकानंतर आठ वर्षांनी. लंडनच्या त्या डॉक्टरचा सल्ला बरोबर होता. तो का बरोबर होता हे शास्त्राला तोवर पूर्ण कळायचं होतं.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर म्हणून एवढं नक्की सांगते की कॉलिनसारखं मूल चालू शकतं. एक गोष्ट मात्र लेखिकेने सोपी केली आहे. इतकी वर्षं पडून असलेल्या मुलाच्या पोटरीचे आणि गुडघ्यामागचे स्नायू बहुधा आखडलेले असतात आणि ते ताणून मोकळे करायला खूप वेळ जातो, दुखतंही. कॉलिनला ते दुखणं कुठे होत नाही.

त्या बाबतीत 'हायडी' जास्त प्रामाणिक आहे. त्या पुस्तकाच्या लेखिका योहाना स्पिरी यांचे वडील खेड्यातले डॉक्टर होते, त्यामुळे घरात रोगी बघतच त्या वाढल्या असणार. त्यांची फ्रँकफर्टची, चाकांच्या खुर्चीत बसणारी क्लारा डोंगरावर येते तेव्हा हायडीचे आजोबा तिला रोज थोडंसं उभं राहायला लावतात. ती पाय टेकताच त्यांना बिलगते, दुखतं म्हणते, आणि तरी ते रोज जरा जास्त वेळ उभं करतात. पण क्लाराला झालंय काय हे शेवटपर्यंत कळत नाही, आणि मत्सराने पेटलेला शेळ्या राखणारा पीटर तिची खुर्ची कड्यावरून ढकलून देतो ते चक्क तिच्या पथ्यावर पडतं. हा भाग तुमच्या मुलासमोर वाचाल तर थांबून बोला. कुणाची खुर्ची ढकलून देणं म्हणजे त्याचे पाय काढून घेणं आहे, हे त्याला तुमच्याआधी कळेल.

'व्हॉट केटी डिड' (1872) आणि 'पॉलिअ‍ॅना' (1913) मी लहान रोग्यांना सहसा सुचवत नाही. केटी झोपाळ्यावरून पडते, काही वर्षं अंथरुणात काढते आणि त्या काळात सोशिक, समजूतदार होते; चालणं हे जणू त्या शहाणपणाचं बक्षीस. आजारपण ही शिक्षा आणि बरं होणं हे बक्षीस, ही कल्पना मुलाच्या मनात एकदा बसली की काढता काढत नाही. जे मूल चालत नाही ते मग स्वतःतच खोट शोधायला लागतं.

हाच दोष 'सीक्रेट गार्डन'च्या शेवटच्या प्रकरणाच्या सुरुवातीला आहे. तिथे गोष्ट थांबवून लेखिका सांगते की नुसत्या विचारांत विजेच्या बॅटरीइतकी ताकद असते, आणि वाईट किंवा उदास विचार मनात येऊ देणं हे स्कार्लेट फीव्हरचा जंतू शरीरात येऊ देण्याइतकंच घातक. मनाच्या बळावर रोग बरे होतात या त्या काळच्या विचारांकडे बर्नेटबाईंचा ओढा होता. त्यांचा थोरला मुलगा लायनेल 1890 साली क्षयाने गेला, तेव्हा तो 16 वर्षांचा होता. आपलं मूल वाचलं नाही अशा आईने वीस वर्षांनी एका मुलाला बागेत उभं केलं, हे लक्षात घेतलं की त्या ओळींवर मला रागावता येत नाही. पण धाकट्यासमोर त्या मी वाचणार नाही. तुम्हीही ती दोन-तीन पानं गाळा आणि थेट वडील परत निघतात तिथून सुरू करा. गोष्टीचं काही बिघडत नाही. (हिंदुस्थानातल्या माणसांबद्दल मेरी सुरुवातीला जे बोलते त्यावर तुम्ही थोरलीशी बोलला असालच, नसाल तर जरूर बोला.)

आता धाकट्याचं. कॉलिन उभा राहण्याचं प्रकरण येण्याआधी, आदल्या दिवशी, दिवसाउजेडी त्याला साध्या शब्दांत सांगा. कॉलिनचे पाय ठीक होते, ते कोणी वापरू दिले नव्हते. तुझं वेगळं आहे. मेंदूचा जो भाग पायांना निरोप पाठवतो, त्या भागालाच तू अगदी लहान असताना इजा झाली. तुझे व्यायाम सांधे आखडू नयेत, बसणं नीट व्हावं, दुखू नये यासाठी आहेत. तू कमी प्रयत्न करतोस म्हणून तू चालत नाहीस असं नाही. हे शेवटचं वाक्य गाळू नका, त्याने विचारलं नाही तरी म्हणा. पुढे त्याच्या पायांची ताकद कुठवर वाढेल हे तुमचे डॉक्टर आणि थेरपिस्ट त्याला तपासून सांगतील. त्यांनी सांगितलेलं त्याच्यापासून लपवू नका, आणि त्यांनी न सांगितलेलं आश्वासन पुस्तकाच्या भरवशावर देऊ नका. तो रडला तर रडू द्या. त्या रात्री पुढे वाचायचं की नाही हे त्यालाच ठरवू द्या.

आणि आर्चिबाल्ड क्रेव्हनकडे त्याचं लक्ष वेधा. त्याचे खांदे शेवटच्या पानावरही वाकडेच आहेत. त्याच्यावर त्याच्या बायकोचं जीवापाड प्रेम होतं, पैशासाठी लग्न केलं म्हणणाऱ्यांचं मिसेस मेडलॉकच खंडन करतात. बरं होणं म्हणजे शरीर सरळ होणं, एवढंच त्या पुस्तकात नाही. वडिलांचं शरीर आहे तसंच राहतं, पण मुलाला टाळत देशोदेशी भटकणारा तो माणूस घरी येतो.

मुलं अशा गोष्टी कशा ऐकतात याचा मी बांधलेला अंदाज एकदा साफ चुकला. मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे स्नायू हळूहळू क्षीण होत जाणारा आजार, असलेल्या दहा वर्षांच्या एका मुलाचे घोटे ताणताना मी त्याला हे पुस्तक रोज थोडं थोडं वाचून दाखवत असे. त्याचं चालणं वर्षभरापूर्वीच थांबलं होतं. कॉलिन उभा राहतो तिथे याला कसं वाटेल या काळजीने मी आदल्या रात्री झोपले नव्हते. ते प्रकरण त्याने शांतपणे ऐकलं, मान हलवली. त्याचं मन अडकलं होतं आधीच्या प्रकरणात. कॉलिनला खुर्चीतून पहिल्यांदा बागेत नेतात, तो डोळ्यांवर हात घट्ट धरून बसलेला असतो आणि डिकन खुर्ची दारातून आत ढकलतो, तिथे.

"त्या दाराला उंबरठा नव्हता का?" त्याने विचारलं.

मी पान उलटून पाहिलं. उंबरठ्याचा उल्लेख नाही. एवढंच लिहिलंय की डिकनने एकाच जोरदार, स्थिर, झकास धक्क्यात खुर्ची आत नेली.

"मग होता," तो म्हणाला. "म्हणून तर एका धक्क्यात नेली. हळू नेली असती तर पुढची चाकं अडकली असती."